सूडाचे साधन : दिल्ली परिसरातील किशोर विज्ञानकथेची नायिका आणि वाचनानंदाचा प्रश्न

१९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन' ह्या नियतकालिकात 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा प्रसिद्ध झाली. लेखिका रुकैया सखावत हुसेन त्या वेळी पंचविशीत होत्या. पती सरकारी दौऱ्यावर गेलेले असताना घरात एकट्या असलेल्या रुकैयांनी ती लिहिली होती. पती परत आले, त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे, अशा अर्थाचा उद्गार काढला, अशी आठवण नोंदली गेली आहे. वस्तुतः ह्या कथेत कोणाचाही खून होत नाही, कोणी कोणाला शासन करीत नाही. आरामखुर्चीत पेंगलेली सुलताना स्वप्नात एका राज्यात जाते. तेथे पुरुष पडद्याआड आहेत आणि बाहेरचा सर्व व्यवहार स्त्रिया चालवितात, एवढेच घडते. मग ह्या पहिल्या वाचकाला त्यात सूड कोठे दिसला? आणि ज्याच्यावर तो उगवला जात होता तोच वाचक कथा खाली न ठेवता एका दमात कसा वाचू शकला?

मराठीतील विज्ञानसाहित्याची समीक्षा बराच काळ त्यात विज्ञान किती आणि साहित्य किती, ह्या मोजमापात गुंतून राहिली. किशोरवाचनाची चर्चा संस्कारांच्या अंगाने झाली. सूड हा विषय ह्या दोन्ही चर्चांच्या कक्षेत क्वचितच आला. तो रहस्यकथा, तमाशाप्रधान नाटक आणि चित्रपट ह्यांच्या वाट्याला गेला असे मानून समीक्षक मोकळे झाले. परिणामी सूड घेऊ पाहणाऱ्या मुलीची विज्ञानकादंबरी वाचताना वाचकाला, विशेषतः तरुण वाचकाला, जो उघड आनंद होतो त्याचे स्वरूप काय, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. तो आनंद हिंसेचा आहे असे गृहीत धरून त्याबद्दल किंचित संकोच बाळगणे, हीच आपली रीत राहिली. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न एका विशिष्ट भूभागाच्या संदर्भात तपासला आहे. ज्याला आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हणतात त्या दिल्ली परिसरात ह्या प्रकारच्या लेखनाची आणि प्रकाशनाची एक परंपरा गेल्या तीन दशकांत उभी राहिली आहे, आणि सूडाची भारतातील सर्वांत जुनी स्त्रीकथाही ह्याच भूमीशी जोडलेली आहे.

मराठीत सूड 'घेतला' जातो तसाच तो 'उगवला'ही जातो. बी उगवते, सूर्य उगवतो, त्याच क्रियापदाने सूडही. जुन्या व्यवहारभाषेत मात्र उगवणी म्हणजे येणे असलेली रक्कम वसूल करणे. सूडाच्या मुळाशी असलेली हिशेबाची कल्पना ह्या शब्दाने नेमकी पकडली आहे. कोणाचे तरी काहीतरी येणे आहे, आणि ते वसूल करण्याचे साधन हाती हवे. पुढील सर्व विवेचन ह्या दुसऱ्या अटीभोवती, म्हणजे साधनाभोवती आहे.

२

मीरत जिल्ह्यातील हस्तिनापूर हे गाव आज राजधानी क्षेत्रात मोडते. तेथे १९५० ते १९५२ ह्या काळात बी. बी. लाल ह्यांनी उत्खनन केले. त्या उत्खननाचे आणि महाभारताचे नाते काय हा पुरातत्त्वज्ञांच्या वादाचा भाग आहे आणि येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. महत्त्वाचे एवढेच की, ह्या नावाच्या नगरातील सभेत एका स्त्रीचे केस धरून तिला ओढत आणले गेले, आणि त्या क्षणापासून भारतीय वाङ्मयात एक मोठे येणे बाकी राहिले.

ते वसूल कोणी केले? द्रौपदी प्रश्न विचारते, आठवण करून देते, धिक्कारते. प्रतिज्ञा मात्र भीम करतो आणि रक्तही भीमच सांडतो. भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकात हे स्पष्टच आहे. मोकळे केस हे तिचे, ते बांधणारे रक्तमाखले हात त्याचे. हे नाटक परशुरामपंत गोडबोले ह्यांनी एकोणिसाव्या शतकात मराठीत आणले. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले तेव्हा प्रेक्षकांनी सैरंध्रीच्या जागी पारतंत्र्यातील देश आणि कीचकाच्या जागी कर्झन पाहिला. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. राजकीय अर्थ बदलला तरी श्रमविभागणी तशीच राहिली. अपमान स्त्रीचा, पराक्रम पुरुषाचा. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रौद्ररस राक्षस, दानव आणि उद्धत मनुष्य ह्यांच्या प्रकृतीशी जोडला आहे. कुलस्त्रीच्या क्रोधाला तेथे सहजपणे जागा मिळत नाही. तिच्या वाट्याला येतो तो करुण, किंवा फार तर वीराला चेतविणारा विभाव होणे.

सौप्तिकपर्वात द्रौपदी एकदा ही मर्यादा ओलांडू पाहते. पाचही मुलगे झोपेत मारले गेल्यावर अश्वत्थाम्याचा जीव घेतला गेल्याशिवाय उठणार नाही, असे म्हणून ती प्रायोपवेशनाला बसते. हाती येतो तो त्याच्या मस्तकावरील मणी, आणि त्यावर तिला समाधान मानावे लागते. भागवतपुराणात तर तीच द्रौपदी, त्याच्या आईने माझ्यासारखे रडू नये, म्हणून बांधून आणलेल्या अश्वत्थाम्याला सोडायला सांगते. एका ग्रंथातील मागणी दुसऱ्या ग्रंथात क्षमा होते. ह्या दोन रूपांपैकी भाविक मनाला दुसरे अधिक रुचले ह्यात नवल नाही. वाचक म्हणून मात्र पहिल्या प्रसंगातील द्रौपदी अधिक काळ लक्षात राहते.

अपवाद अंबेचा. भीष्माने हरण केलेली आणि कोणीच न स्वीकारलेली ही राजकन्या प्रथम परंपरेप्रमाणे पुरुष शोधते. परशुराम तिच्यासाठी लढतो, पण भीष्माला हरवू शकत नाही. येथपर्यंत ती द्रौपदीच्याच वाटेवर आहे. त्यानंतर ती मार्ग बदलते. तप करते, चिता पेटविते, द्रुपदाच्या घरी मुलगी म्हणून जन्मते, मुलगा म्हणून वाढविली जाते, तिचे एका राजकन्येशी लग्न लावले जाते, आणि सत्य उघड होऊन सासऱ्याचे सैन्य दाराशी येऊ लागते तेव्हा अरण्यात जाऊन स्थूणाकर्ण नावाच्या यक्षाशी देहाची अदलाबदल करते. यक्षाने आपले पुरुषत्व मुदतीने दिले आहे; काम झाले की परत करायचे, असा करार. उद्योगपर्वातील ह्या उपाख्यानाला विज्ञानकथा म्हणणे हास्यास्पद ठरेल. पण कथेच्या यंत्रणेकडे पाहिले तर येथे प्रथमच सूड घेऊ इच्छिणारी स्त्री दुसऱ्याचा बाहू मागत नाही, ती साधन मागते. आणि साधन मिळविण्याची किंमत म्हणून तिला स्वतःचा देहच गहाण टाकावा लागतो. बाबूराव बागुलांच्या 'सूड' (१९७०) ह्या दीर्घकथेतील जानकी स्त्रीत्वाचाच त्याग करू पाहते, तेव्हा अंबेची ही अट विसाव्या शतकातही सुटलेली नव्हती, असे दिसते.

३

युरोपात किशोरांसाठी लिहिल्या गेलेल्या विज्ञानकथेत हिंदुस्थानचा सूड लवकरच आला, आणि तो दिल्ली, कानपूर, झाशीच्या १८५७ मधून आला. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन निमो हा मूळ आराखड्यात रशियाविरुद्ध पेटलेला पोलिश सरदार होता. प्रकाशक हेत्झेल ह्यांना ते अडचणीचे वाटल्याने 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'मध्ये त्याचा देश अंधारातच ठेवला गेला. 'मिस्टीरियस आयलंड' (१८७५) मध्ये तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाचा आप्त आणि १८५७ च्या उठावातील सेनानी असल्याचा उलगडा होतो. त्याची पत्नी आणि मुले ह्यांचा अंत हे त्याच्या सूडाचे कारण. साधन मात्र अजोड आहे. समुद्राखालून हिंडणारी नौका, तिच्यातील ग्रंथालय, वीज. वाचकाला निमो आवडतो तो त्याने जहाजे बुडविली म्हणून नव्हे. राज्य गमावलेल्या माणसाने स्वतःच्या बुद्धीने दुसरे राज्य उभे केले म्हणून. सूडकथेतील आनंदाचे हे महत्त्वाचे अंग आहे. वाचक विनाशापेक्षा तयारीत अधिक रमतो.

निमोच्या कथेत स्त्री कारणापुरती. 'द स्टीम हाउस' (१८८०) मध्ये परिस्थिती अधिक बोलकी आहे. हेत्झेलच्या किशोरांसाठीच्या नियतकालिकातून आलेल्या ह्या कादंबरीत वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती इंग्रज प्रवाशांचे घर ओढत उत्तर हिंदुस्थानातून जातो. पाठलाग चालू आहे तो नानासाहेब पेशव्यांचा, आणि नानासाहेबही कर्नल मनरोच्या मागावर आहेत. झाशीची राणी कथा सुरू होण्यापूर्वीच मेलेली आहे. व्हर्नने तिचा मृत्यू मनरोच्या हातून घडविला आहे; इतिहासाला हे धरून नाही, पण कादंबरीला तिचा मृत्यू हवा आहे, ती नको आहे. दुसरी स्त्री म्हणजे कानपूरच्या कत्तलीतून वाचलेली आणि भ्रमिष्ट झालेली मनरोची पत्नी. हातात मशाल घेऊन रानोमाळ हिंडणारी ही बाई शेवटी, नवऱ्याला तोफेच्या तोंडी बांधलेले असताना, ती मशाल घेऊन तोफेजवळ येते. एका बाजूने मेलेली राणी, दुसऱ्या बाजूने वेडी बाई. हाती आग असूनही तिला ती कोणावर धरायची ते कळत नाही. रणात स्वतः तलवार चालविणाऱ्या, मराठी घरातून झाशीला गेलेल्या स्त्रीच्या वाट्याला जगातील सर्वांत लोकप्रिय विज्ञानकथाकाराकडून हे आले, ह्याची मराठी अभ्यासकांनी पुरेशी दखल घेतलेली नाही.

मराठीत व्हर्न आला तो ह्या राजकीय अंगाने नव्हे, सफरीच्या अंगाने. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत 'केरळकोकिळ' मासिकातून त्याची चंद्रयात्रा मराठी वाचकांपुढे आली, आणि पुढे भा. रा. भागवतांनी 'चंद्रावर स्वारी'सारख्या रूपांतरांनी दोन-तीन पिढ्यांना त्याची गोडी लावली. भागवतांच्याच फास्टर फेणेने मराठी किशोराला नायक दिला. तो चपळ, कल्पक आणि मुलगा होता. १९७० नंतर जयंत नारळीकर आणि त्यांच्या बरोबरीच्या लेखकांनी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली, परंतु त्या कथेचा मुख्य भाव कुतूहलाचा आणि इशाऱ्याचा राहिला. तेथे प्रयोगशाळा आहे, अंतराळ आहे, पण वसूल करायचे जुने येणे घेऊन तेथे शिरणारी मुलगी शोधावीच लागते.

येणे मात्र मराठी स्त्रीने फार पूर्वी मांडून ठेवले होते. ताराबाई शिंदे ह्यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) मध्ये जो संताप आहे त्याला युक्तिवादाखेरीज दुसरे हत्यार नाही. काशीबाई कानिटकरांच्या 'पालखीचा गोंडा' (१९२८) ह्या कादंबरीत मंदबुद्धी संस्थानिकाच्या गळ्यात बांधली गेलेली नायिका राज्यकारभारच हाती घेते आणि स्त्रियांच्या साहाय्याने संस्थान सुधारते. तिचे साधन म्हणजे प्रशासन. रुकैयांच्या कथेशी ह्या कादंबरीची तुलना करण्यासारखी आहे. रुकैयांच्या राज्यात स्त्रियांची दोन विद्यापीठे आहेत. एकीने वातावरणातून पाणी ओढून घेण्याची युक्ती शोधली आहे, दुसरीने सूर्याची उष्णता साठविण्याची. पुरुष ह्या संशोधनाला हसतात. शत्रू चालून येतो, पुरुषांचे सैन्य हरते, पुरुष पडद्याआड जातात, आणि विद्यापीठाची प्रमुख दोन हजार विद्यार्थिनींसह रणांगणावर जाऊन साठविलेली उष्णता शत्रूवर सोडते. युद्ध संपते. पुरुष आत गेलेले असतात ते आतच राहतात.

पतीला दिसलेला सूड हा असा. तो विद्यार्थिनी घेतात, साधन त्यांनी स्वतः निर्माण केलेले आहे, आणि त्यासाठी त्यांना देह बदलावा लागत नाही. अंबेची अट येथे प्रथमच सुटते. ती वाचताना येणारा आनंदही ह्याच ठिकाणचा आहे. इच्छा आणि साधन ह्यांच्यामधले, शतकानुशतके न मिटलेले अंतर अचानक मिटते, आणि वाचकाला हसू येते. ज्याच्यावर सूड उगवला त्यालाही ते आले असावे, कारण त्यानेच पुढे ह्या कथेच्या प्रकाशनास उत्तेजन दिले.

४

दिल्लीत १९८४ साली उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन ह्यांनी 'काली फॉर विमेन' ही स्त्रीवादी प्रकाशनसंस्था सुरू केली. तिच्यातून २००३ मध्ये निघालेल्या 'झुबान'ने मुलांसाठी आणि किशोरांसाठी स्वतंत्र पुस्तकमाला काढली. दिल्लीत वाढलेल्या वंदना सिंग ह्यांचे 'यंगअंकल कम्स टू टाउन' (२००४) त्यात आले. ह्या मालेतील पुस्तके इंग्रजीत होती. दिल्लीच्या ह्या परंपरेची ही मोठी मर्यादा आहे, आणि तिच्या वाचकवर्गाचा विचार करताना ती विसरून चालणार नाही.

ह्याच शहरात १९५३ साली जन्मलेल्या मंजुळा पद्मनाभन ह्यांचे लेखन ह्या निबंधाच्या केंद्रस्थानी आहे. १९९७ मध्ये ओनॅसिस पारितोषिक मिळविलेल्या 'हार्वेस्ट' ह्या त्यांच्या नाटकात २०१० सालची मुंबई कल्पिली आहे. गरीब कुटुंब आपल्या देहाचे अवयव दूरदेशीच्या श्रीमंताला विकते. शेवटी जया ही तरुणी खोलीत स्वतःला कोंडून घेते आणि तुला मी हवी असेन तर प्रत्यक्ष ये, नाहीतर मी मरेन आणि तुझा सौदा बुडेल, अशी अट घालते. सूडाचे साधन येथेही देहच आहे, पण ज्या देहाला बाजाराने वस्तू केले त्याची किंमत आता तिने स्वतःच्या हाती घेतली आहे.

'एस्केप' ही त्यांची कादंबरी २००८ मध्ये निघाली. ती किशोरवाङ्मय म्हणून प्रसिद्ध झालेली नाही. नायिका मेजी मात्र किशोरवयीन आहे आणि कथेचा सांगाडा त्या वयाच्या साहसकथेचा आहे. एका देशात सर्व स्त्रिया नष्ट करण्यात आल्या आहेत. सत्ता एकमेकांच्या प्रतिकृती असलेल्या जनरलांच्या हाती आहे. तीन भावांनी ह्या एका मुलीला लपवून वाढविले आहे, तिचे वयात येणे औषधांनी लांबविले आहे. आता ते लांबविता येत नाही, म्हणून सर्वांत धाकटा, ज्याचे नावच यंगेस्ट, तिला मुलाच्या वेषात देशाबाहेर नेऊ लागतो.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या देशात ९२७ होती; दिल्लीत ८६८, शेजारच्या हरियाणात ८१९. महाराष्ट्राने १९८८ मध्येच गर्भलिंगनिदानावर कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राने केला, तरी महाराष्ट्राचा आकडाही ९१३ वर आला होता. म्हणजे येथे तंत्रज्ञान आधीच आले होते आणि ते मुलींच्या विरुद्ध वापरले जात होते. रुकैयांच्या कथेतील सूर्यशक्तीसारखे निष्पाप यंत्र २००८ च्या दिल्लीतील लेखिकेला उपलब्ध नव्हते. तिच्या जगात प्रतिकृती करण्याचे विज्ञान, औषधे, शस्त्रे सारी त्याच हातांत आहेत ज्यांच्याकडून येणे वसूल करायचे. अशा जगात मुलीचे केवळ जिवंत राहणे हीच उगवणी ठरते. मेजी कोणाला मारीत नाही ह्याची रुखरुख काही वाचकांना लागणे शक्य आहे. पण तिला स्वतःच्या देहाचे नाव प्रथम कळते तो भाग वाचताना, ज्यांनी ते नाव भाषेतून पुसले त्यांचा पराभव वाचकाला स्पष्ट दिसतो.

त्याच वर्षी अमेरिकेत सुझन कॉलिन्स ह्यांची 'द हंगर गेम्स' प्रसिद्ध झाली आणि तिच्या पुढील भागांसह ती जगभर वाचली गेली. तिसऱ्या भागात, 'मॉकिंगजे'मध्ये (२०१०), कॅटनिस राष्ट्राध्यक्ष स्नोला स्वतःच्या हाताने मारण्याचा हक्क मागून घेते. धनुष्य तिच्या हाती दिले जाते, स्नो समोर बांधलेला आहे, आणि बाण जातो तो नव्या राज्यकर्तीच्या, कॉइनच्या छातीत. सूडाची भूक पुस्तकभर वाढवून लेखिका ऐन वेळी लक्ष्य बदलते. साधन हाती आलेल्या नायिकेपुढे हा नवा पेच आहे. अंबेला तो पडला नव्हता, कारण तिला साधन मिळविण्यातच दोन जन्म गेले.

५

१६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत चालत्या बसमध्ये एका तरुणीवर जो सामूहिक अत्याचार झाला आणि ज्यात पुढे तिचा मृत्यू झाला, त्यानंतर सूड हा शब्द रस्त्यावर आला. रायसीना टेकडीच्या पायथ्याशी जमलेल्या तरुणांच्या हातांतील फलकांवर फाशीची मागणी होती. न्यायमूर्ती वर्मा समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी दिलेल्या अहवालात बलात्कारासाठी मृत्युदंडाची शिफारस केली नाही; त्यानंतरच्या कायद्याने काही प्रकारांत तो ठेवला. चार दोषींना २० मार्च २०२० रोजी फाशी देण्यात आली. न्याय आणि सूड ह्यांच्या सीमारेषेविषयीची ही चर्चा ज्या मुलामुलींसमोर झाली ती ह्या साहित्याची वाचक होती.

झुबानने २०१४ मध्ये प्रकाशित केलेला 'ईट द स्काय, ड्रिंक द ओशन' हा संग्रह ह्या पार्श्वभूमीवर जन्मला. कर्स्टी मरी, पायल धर आणि अनिता रॉय ह्या संपादकांनी दिल्लीतील घटना आणि त्याच वर्षी मेलबर्नमध्ये झालेली एका तरुणीची हत्या ह्यांचा उल्लेख त्यामागील प्रेरणा म्हणून केला आहे. भारतीय आणि ऑस्ट्रेलियन लेखिका-चित्रकर्त्यांनी मिळून केलेल्या ह्या किशोरांसाठीच्या कल्पितकथांत पद्मनाभन आणि वंदना सिंग ह्यांचेही लेखन आहे. ॲनी झैदी आणि मँडी ऑर्ड ह्यांनी भिंतीत चिणलेल्या अनारकलीची दंतकथा चित्रांतून पुन्हा सांगितली. मार्गो लॅनगन ह्यांच्या कथेत रस्त्यावरील छेडछाडीला सामूहिक उत्तर आहे. इतक्या संतापातून आलेल्या पुस्तकाचा कल सरळ सूडाकडे नाही, हे प्रथम खटकते. अनेक कथांत अत्याचारी समोर येतच नाही. मुली दुसरे काहीतरी करीत असतात, एकमेकींना शोधीत असतात, भविष्यातला स्वयंपाक शिकत असतात. संपादकांनी धोका टाळला असे त्यावरून म्हणणे अन्यायाचे होईल. फाशीच्या घोषणा ऐकू येत असताना सूडकथा लिहिणे म्हणजे त्या घोषणेला चित्र पुरविणे ठरले असते. तरीही संग्रहाचे वाचन काही ठिकाणी आज्ञाधारक वाटते, आणि ज्या वाचकाला एक तरी येणे पुरते वसूल झालेले पाहायचे होते तो अर्धपोटी उठतो.

त्याच वर्षअखेरीस आलेल्या 'प्रियाज शक्ती' ह्या कॉमिकबद्दल अधिक कठोर व्हावे लागते. त्याचे निर्माते राम देविनेनी दिल्लीतील निदर्शनांच्या वेळी तेथे होते. मोबाइल फोन पानावर धरताच चित्रे हलू लागतात, हे त्याचे तंत्रवैशिष्ट्य. अत्याचार सोसून घराबाहेर काढलेली प्रिया पार्वतीला शरण जाते. तिचे दुःख पाहून क्रोध येतो तो शिवाला, शाप देतो तोही शिवच. प्रिया वाघावर बसून गावोगाव लोकांचे मन वळवायला निघते. पीडितेलाच दोष देणाऱ्या समाजाला हे कॉमिक उघड विरोध करते, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण रौद्र पुन्हा देवाकडे आणि प्रबोधन मुलीकडे, ही 'वेणीसंहार'चीच वाटणी आहे. पानातून चित्र बाहेर काढणारे यंत्र वाचकाच्या हाती आले. नायिकेच्या हाती काही आले नाही.

ह्या तुलनेत पद्मनाभन ह्यांची पुढील कादंबरी 'द आयलंड ऑफ लॉस्ट गर्ल्स' (२०१५) अधिक अवघड वाट धरते. ती हॅशेट इंडियाने काढली. मेजी आता एका बेटावर पोचली आहे, जेथे जगभरातून वाचविलेल्या, देहाने आणि मनाने जखमी मुली आहेत. तिला तेथवर पोचविण्यासाठी निघालेल्या यंगेस्टला जनरलाने एक किंमत मोजायला लावली आहे. शस्त्रक्रियांनी त्याचा देह स्त्रीचा करण्यात आला आहे. ज्या देशात स्त्री असणे हाच गुन्हा, तेथील सत्ताधीश आपल्या हेरगिरीसाठी एका पुरुषाला स्त्री करतो, आणि त्या पुरुषाला मुलीजवळ जाता येते ते त्या देहामुळेच. मुलीला मुलाचा वेष, पुरुषाला स्त्रीचा देह. दोन कादंबऱ्यांत मिळून ही अदलाबदल पुरी होते.

स्थूणाकर्णाची गोष्ट लेखिकेसमोर होती की नाही हा येथे मुद्दा नाही. प्रभावापेक्षा साम्याचा अभ्यास अधिक फलदायी ठरावा असे हे स्थळ आहे. दोन्ही ठिकाणी मुलीच्या मार्गासाठी एका पुरुषाला आपला देह द्यावा लागतो, आणि दोन्ही ठिकाणी वरची सत्ता त्यात हस्तक्षेप करते. भेद वाचकाच्या सहानुभूतीच्या दिशेत आहे. महाभारतात आपण शिखंडीबरोबर पांचालनगरीस परत जातो, यक्षाचे काय झाले ह्याकडे फारसे लक्ष राहत नाही. पद्मनाभन आपल्याला यक्षाबरोबर ठेवतात. दुसऱ्याच्या इच्छेने घडविलेल्या देहात जगणे म्हणजे काय, हे शिकण्याची पाळी येथे पुरुषावर आली आहे. रुकैयांच्या कथेतील पुरुष पडद्याआड गेले तेव्हा वाचक हसला; यंगेस्टबरोबर तो हसू शकत नाही, पण त्या पहिल्या वाचकाने ज्याला भयंकर म्हटले होते ते हेच असावे. ही उगवणी नायिका करीत नाही, कादंबरी करते.

उद्योगपर्वात यक्षाची कथा आणखी थोडी पुढे जाते. कुबेर त्या अरण्यात येतो. स्त्रीदेहामुळे लाजून घरात बसलेला स्थूणाकर्ण त्याच्या स्वागताला बाहेर पडत नाही. कारण कळल्यावर कुबेर शाप देतो की, तू असाच राहशील. इतर यक्षांनी विनविल्यावर शिखंडीच्या मृत्यूपर्यंत, अशी मर्यादा तो घालतो. तिकडे सासऱ्याच्या माणसांची खात्री पटते आणि संकट टळते. मग ठरलेल्या मुदतीला शिखंडी अरण्यात परत येतो, यक्षाच्या दाराशी उभा राहतो आणि घेतलेले पुरुषत्व परत घ्यावे असे सांगतो. यक्ष त्याला शापाची हकीगत सांगतो, त्याच्या सचोटीचे कौतुक करतो आणि आहे तसाच परत पाठवितो.